हौदातला महिना

आमच्या कॉलनीत कुणाच्या हौदाचं झाकण उघडं दिसलं, की अजूनही मी वाकून आत बघते. पाणी किती आहे हे बघायला नाही. आत कुणी वाचत बसलंय का, हे बघायला.

ही खोड मला सेलूकरबाईंनी लावली. बाई गेल्या त्याला आता वर्ष होत आलं. त्यांच्याबद्दल चार पानं लिहावीत असं मी पहिल्याच आठवड्यात ठरवलं होतं. पण कागद पुढे ओढला की कानाशी त्यांचा आवाज येई, "मराठी, रडकं लिहू नकोस. आणि विशेषणं कमी." की पेन खाली. असं करत करत हे लिहायला इतके महिने लागले.

मराठी म्हणजे मी. एका शाळेत आम्ही पुष्कळ वर्षं बरोबर होतो. मी मराठी शिकवायचे, बाई जीवशास्त्र. माणसांना त्या त्यांच्या विषयाने हाक मारत. "गणित आज डबा विसरलंय, त्याला अर्धी पोळी द्या." "इतिहास रजेवर आहे, त्याचा तास भूगोलाला सांगा." मुख्याध्यापक मूळचे हिंदीचे, तर त्यांच्या तोंडावर, "हिंदी आज तापलंय, फाईल उद्या न्या." मुख्याध्यापकांनाही ते आवडत असावं, कारण ते हसू लपवायला खिडकीकडे बघत. निवृत्तीच्या दिवशी सत्काराला उत्तर देताना बाई दोनच वाक्यं बोलल्या. "जीवशास्त्र आज रिटायर होतंय. बाकीच्यांनी जिवंत राहावं."

बाई उंच, काटकुळ्या. गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेलं एक भिंग. लग्न केलं नव्हतं. स्टाफरूममध्ये नवी आलेली एखादी शिक्षिका भीत भीत कारण विचारी, तेव्हा त्या गंभीरपणे सांगत, "बघायला आलेल्या मुलाला मी यातून बघितलं. तो वडिलांना घेऊन परत गेला."

सिडकोत त्यांनी स्वतःच्या पगारातून छोटं घर बांधलं होतं. बांधलं तेव्हा मागच्या भिंतीपलीकडे ज्वारी होती. नंतर ज्वारीच्या जागी प्लॉट आले, प्लॉटच्या जागी अपार्टमेंट, आणि अपार्टमेंटच्या बाल्कन्यांतून लोक बाईंच्या अंगणात डोकावू लागले. घरं वाढली तशी नळाची पाळी लांबली. एक दिवसाआड येणारं पाणी आधी चौथ्या दिवशी येऊ लागलं, मग आठवड्यावर गेलं. गल्लीत टँकरची चाकं नेहमीची झाली. मी दोन गल्ल्या पलीकडे राहायचे. भाजी धुतलेलं पाणी बादलीत घेऊन तगरीला घालणाऱ्या बाई मला रोज सकाळी दिसत.

मे महिन्यात मात्र त्या कुणालाच दिसत नसत. तो त्यांचा महिना.

"अकरा महिने मी दुसऱ्यांसाठी वाचते. वह्या वाचते, पेपर वाचते, हिंदीची परिपत्रकं वाचते. एक महिना मी माझं वाचणार." एक मेला बाई टेलिफोन दुलईत गुंडाळून कपाटात ठेवत. लग्नाच्या पत्रिकांना एकाच मजकुराचं कार्ड जाई, 'आशीर्वाद आहेत, येत नाही.' आठ-दहा पुस्तकं निवडून, सगळ्यांना वर्तमानपत्राची कव्हरं घालून ठेवत. म्हणजे आलागेला 'काय वाचताय' म्हणून विचारणार नाही, आणि उचललेलं पुस्तक कोणतं निघेल हे त्यांनाही कळणार नाही.

वाचण्याचे त्यांचे कायदे होते. पुस्तकात रेघ मारायची नाही. शेवट आधी बघायचा नाही. एका माणसाने एका पुस्तकाची एकच प्रत वाचायची, "रोप एका कुंडीत वाढवायचं, फूल दुसऱ्या कुंडीत बघायचं, असं करता का तुम्ही?" आणि सर्वांत मोठा कायदा म्हणजे चांगलं पुस्तक बसून वाचायचं, वाईट उभ्याने. "वाईट पुस्तक अर्ध्यात सोडणं हा अपमान आहे. उभ्याने वाचावं, पाय दुखतात, लवकर संपतं." खिडकीतून बाई उभ्या दिसल्या, की मी समजून जायचे, एखाद्या लेखकाची आज काही खैर नाही.

दुसरं वेड फुलांच्या प्रदर्शनाचं. शहरातलं एक महिला मंडळ दर थंडीत पुष्परचनांचं प्रदर्शन भरवी. बाई पहिल्या दिवशी, दार उघडायच्या आधी हजर. भिंग घेऊन एकेका रचनेपुढे वाकायचं आणि पर्समधून पेन्सिल काढून नावाच्या चिठ्ठ्या दुरुस्त करायच्या. एकदा बोगनवेलीच्या भल्या मोठ्या कमानीपुढे त्या थांबल्या.

"यात फुलं कुठायत?"

मंडळाच्या अध्यक्षीण बाई अभिमानाने म्हणाल्या, "सगळी फुलंच तर आहेत!"

"ही पानं आहेत. फूल आत असतं, पांढरं, एवढुस्सं. हे बघा."

"अहो, पण रंगीत आहेत ना?"

"तुमची साडी पण रंगीत आहे. तुम्हाला फुलदाणीत ठेवायचं का?"

पुढच्या वर्षी मंडळाने शहाणपणा केला. बाईंना परीक्षकच नेमलं, म्हणजे तोंड बंद राहील. बाईंनी तासभर फिरून पहिलं बक्षीस दिलं ते दारावरच्या वॉचमनला. त्याने टेबलावरच्या देवाच्या तसबिरीपुढे स्टीलच्या पेल्यात तगरीची दोन फुलं ठेवली होती. "एवढ्या सभागृहात एवढंच कुणी स्वतःसाठी ठेवलेलं आहे," असा शेरा. त्यानंतर त्यांना निमंत्रण येणं बंद झालं. त्या मात्र जात राहिल्या.

बाई निवृत्त झाल्या त्यानंतरच्या एका वर्षी पाऊस असा हुकला, की मार्चपासूनच नळ नुसता सुस्कारे टाकू लागला. त्यातच त्या उन्हाळ्यात अधिक महिना आला. अधिकात जावयाला जेवू घालायचं, धोंडे करायचे, वाण द्यायचं. बाईंचे थोरले भाऊ आणि वहिनी वैजापूरला असत. तिथे पाण्याचे आणखी हाल. तेव्हा वहिनींनी परस्पर ठरवलं, की महिनाभर वन्संकडे जाऊन राहावं, आणि जावयाचे धोंडेही तिथेच करावेत. एक मेच्या सकाळी बाई कपाटात टेलिफोन ठेवत होत्या, तेव्हा दारात रिक्षा थांबली. त्यातून भाऊ, वहिनी, पुरणयंत्र आणि तीन पिंपं उतरली.

तीन दिवसांनी बाई माझ्याकडे आल्या. चेहरा उतरलेला.

"मराठी, माझा महिना गेला गं."

"खोली बंद करून बसा की."

"वहिनी दार वाजवते. 'वन्सं, एकट्या काय बसलात? या, पापड लाटू.' काल शंभर लाटले. मी आणि पापड!"

मला हसू आलं, पण बाईंच्या डोळ्यांकडे बघून ते गिळलं. माणसाकडे स्वतःचं असं एकच काही असावं आणि ते पापडाखाली जावं, तसं ते होतं. मी त्यांना एक जाडजूड कादंबरी दिली. माझी आवडती, सहाशे पानांची. म्हटलं, एवढी तरी वाचा. बाईंनी ती तळहातावर तोलली. "शेवट सांगितलास तर तुझं माझं तुटलं."

त्यानंतर चौथ्या दिवशी बाईंचा चेहरा एकदम फुललेला. रस्त्यातच मला बाजूला ओढून म्हणाल्या, "जागा सापडली. कुणाला सांगू नकोस."

अंगणात, तगरीशेजारी, त्यांचा जमिनीखालचा हौद होता. सात फूट खोल, चांगला खोलीएवढा. येणारं चार घागरी पाणी पिंपांतच संपे, म्हणून हौद महिनाभर कोरडा ठणठणीत होता. बाईंनी तो झाडून काढला, शिडी लावली, वेताची खुर्ची दोरीने सोडली. वर बेचाळीसचं ऊन आणि खाली माठासारखा गारवा. साडेदहा ते दीडपर्यंत उघड्या झाकणातून उजेडाचा चौकोन खाली पडे. तो सरके तशी बाई खुर्ची सरकवत. घरात त्या सांगत, वाचनालयात जाते. पिशवी खांद्याला लावून फाटकातून बाहेर पडायचं, मागच्या बोळातून अंगणात यायचं आणि जमिनीत गडप व्हायचं. पुढचे पंधरा दिवस बाईंइतकं सुखी माणूस या शहरात दुसरं नसावं. एकदा मी वाकून बघितलं तर खालून हुकूम आला, "उजेडातून हो. नायिका रडतेय."

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. टँकरवाल्याला थांबायला वेळ नसतो. म्हणून ज्याने टँकर सांगितलाय, त्याने हौदाचं झाकण उघडं टाकून ठेवायचं. झाकण उघडं म्हणजे पाणी हवं. टँकरवाला हाक मारत नाही, पाइप सोडतो, भरतो, जातो.

जावई येण्याच्या आदल्या दिवशी वहिनींनी कुणाला न विचारता टँकर सांगितला. शहरातला जावई, त्याला आंघोळीला दोन तांबे कसे द्यायचे? टँकर घेऊन आला म्हसूभाऊ. पाचोडकडचा धनगर. चारा संपला तेव्हा मेंढरं काढून टाकली आणि हा गडी शहरात टँकरवर लागला होता. त्याने अंगणात बघितलं, झाकण उघडं. पाइप सोडला. व्हॉल्व्ह खोलला.

त्या वेळी मी योगायोगाने फाटकाशी होते. इंजिनाच्या घरघरीत आधी काही ऐकू आलं नाही. मग झाकणातून एक पुस्तक उडून बाहेर आलं. पाठोपाठ दुसरं. मग ती कादंबरी डोक्यावर धरलेले दोन हात, मग भिंग, मग नखशिखांत भिजलेल्या सेलूकरबाई.

म्हसूभाऊंचा चेहरा मी विसरणार नाही. जमिनीतून देवी निघावी आणि तिच्या गळ्यात भिंग असावं. त्यांनी घाबरून व्हॉल्व्ह बंद केला.

"बंद काय करता!" बाई शिडीवरूनच ओरडल्या. "भरा! गेलेला टँकर परत येतो का?"

"बाई, म्या... झाकण उघडं व्हतं..."

"बरोबर केलंत. तुमची चूक नाही. भरा आधी!"

वहिनी हाताला पुरण लागलेलं तशाच धावत आल्या. "अगंबाई! वन्सं, तुम्ही वाचनालयात होतात ना?"

"हेच ते," बाई म्हणाल्या. पदर पिळला, तो तगरीच्या आळ्यात.

हौद भरत होता. गल्लीतल्या बायका कौतुकाने बघत होत्या, पूर्ण टँकर, अगदी काठापर्यंत. बाई पायरीवर बसून त्या पाण्याकडे बघत होत्या. दुष्काळात पाणी आलं म्हणून कुणाचे डोळे भरलेले मी तेव्हा एकदाच पाहिले.

कादंबरीची चाळीसच पानं राहिली होती आणि तीच सर्वांत जास्त भिजली होती. बाईंनी माळ्यावरून झाडं दाबून वाळवायची लाकडी चौकट काढली. पानापानांत टीपकागद घातला, पट्टे आवळले. रोज टीपकागद बदलायचा. मी म्हटलं, दुसरी प्रत आणून देते. बाईंनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की मी विषय बदलला.

दोन दिवसांनी म्हसूभाऊ पुन्हा आले. टँकर रस्त्यावर उभा, हातात पिवळ्या फुलांची एक फांदी.

"बाई, बुकं वाळली का?"

"वाळतायत. हे काय?"

"तरवड. गावाकडनं आनलं. लई चुकलं माझं, दोन रातीत झोप नाय. तुमाला झाडाचं याड हाय म्हनले समोरचे." मग फांदी पुढे करत, "अवंदा आमच्याकडं हिरवं म्हनून येवढंच उरलंय."

"हे कसं उरलं?"

"शेळी-मेंढी तोंड लावत नाय न त्याला. म्हनून."

बाईंनी भिंग लावलं आणि बराच वेळ त्या फुलाकडे बघत राहिल्या. मग विचारलं, "आता कुठं निघालात?"

"जालना रोडला. कार्यालयात टाकायचंय पानी. फुलांचं काय तरी हाय तिथं."

जागा न मिळाल्याने थंडीत रद्द झालेलं प्रदर्शन त्या आठवड्यात भरलं होतं. अधिक महिन्यात लग्नं नसतात, मंगल कार्यालयं ओस पडलेली, म्हणून मंडळाला जागा मिळाली होती. बाई उठल्या. "महिना तर बुडाला. चला, फुलं बघू. मराठी, तू पण चल."

आणि अशा रीतीने आम्ही दोघी शिक्षिका टँकरच्या केबिनमध्ये बसून पुष्पप्रदर्शनाला गेलो. कार्यालयाच्या दारात मंडळाच्या बायका ताटकळत होत्या. टँकर वळताना दिसला तसा त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मग केबिनचं दार उघडून तरवडाची फांदी हातात घेतलेल्या सेलूकरबाई खाली उतरल्या. अध्यक्षीण बाईंनी डोळे मिटून घेतले.

पाणी टाकून झाल्यावर बाईंनी म्हसूभाऊंना आत बोलावलं. ते चपला बाहेर काढून आले, हात मागे बांधून एकेका रचनेपुढे थांबू लागले. बोगनवेलीपुढे म्हणाले, "हे शेळी खाती." बाई थबकल्या. पुढे जर्बेरा होते. "हे नाय खायाची." शेवंतीपुढे, "हे खाती, पन मंग दूध कडू." बाईंनी पेन्सिल काढली. त्या दिवशी प्रत्येक चिठ्ठीवर नावाखाली एक ओळ वाढली. 'शेळी खाते.' 'शेळी खात नाही.' एकीवर, 'नाइलाज असला तर खाते.' अध्यक्षीण बाई मागोमाग येत होत्या. म्हसूभाऊ इतक्या गंभीरपणे सांगत होते, की त्यांना थांबवायची कुणाची छाती झाली नाही.

शेवटी एका मोठ्या पितळी परातीत पाणी भरून त्यात गुलाबाच्या पाकळ्या सोडल्या होत्या. म्हसूभाऊ तिथे बराच वेळ उभे राहिले.

"ताई, हे पानी सांजच्याला कुठं वापरता?"

अध्यक्षीण बाई गडबडल्या. "नाही... म्हणजे... बदलतो रोज."

म्हसूभाऊंनी मान हलवली. इतकंच. पण त्या संध्याकाळी सगळ्या परातींचं, फुलदाण्यांचं पाणी बादल्यांत भरून कार्यालयाबाहेरच्या लिंबाच्या रोपांना गेलं. बादल्या उचलणाऱ्यांत अध्यक्षीण बाई पहिल्या होत्या. पुढच्या वर्षी बाईंना निमंत्रण आलं. पाकिटावर लिहिलं होतं, 'सौजन्याने टँकरने यावे.'

तरवडाची डहाळी बाईंनी त्याच चौकटीत, त्याच कादंबरीच्या शेवटच्या पानांपाशी दाबून ठेवली.

परतीच्या वाटेवर म्हसूभाऊंनी केबिनमध्ये विचारलं होतं, "मंग त्या बुकात शेवटाला काय झालं, बाई?"

"मला काय माहीत? तुम्ही भिजवलंत."

"ह्या बाईंना म्हाईत आसंल की."

"तिला माहीत आहे. पण ती सांगणार नाही."

तो पुढे आमच्या तिघांतला खेळच झाला. दर मे महिन्यात मी विचारायचे, "बाई, चौकट उघडायची का?" आणि बाई चौकटीला कान लावल्यासारखं करून म्हणत, "अजून ओल आहे." एकदा उघडून बघितली तर मधली पानं सुटली, शेवटची सात-आठ एकमेकांना चिकटलेली. त्यांनी पट्टे पुन्हा आवळले. "घाईनं सोडवलं तर पाकळी कागदाबरोबर येते." वर्षं गेली. मधे दोन पावसाळे बरे झाले, मग पुन्हा कोरडे. हौदात पाणी असलं की बाई खोलीत वाचत, नसलं की हौदात. वहिनींनीही पुढे पापडांचा नाद सोडला. म्हसूभाऊंनी स्वतःचा टँकर घेतला. येता-जाता ते फाटकातून ओरडत, "बुक उघडलं का?" आतून उत्तर येई, "ओल आहे!" एवढी ओल आमच्या जिल्ह्यात दुसरीकडे कुठेच नव्हती.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत बाईंच्या हृदयाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी जिने चढायला बंदी केली. एप्रिलच्या शेवटी मी गेले, तर चौकट टेबलावर, पट्टे सोडलेले.

"मराठी, यंदा उघडू."

"वाळलं?"

"वाळलं असेल. नसलं तरी उघडू." मग माझ्याकडे न बघता, "हौद कोरडा आहे ना?"

मी म्हटलं, डॉक्टरांनी जिना नको सांगितलाय. बाई म्हणाल्या, "ते चढायला नको म्हणाले. मी उतरणार आहे."

मी म्हसूभाऊंना फोन केला. वाटलं होतं, ते तरी समजावतील. ते एक रुंद लाकडी शिडी आणि दोर घेऊन आले. आधी स्वतः खाली उतरले, खुर्ची लावली, मग खालून हात धरत धरत, एकेका पायरीला दम खात, बाईंना उतरवलं. त्यात पाऊण तास गेला. मी दोरीने कादंबरी सोडली, एक चिमटा आणि त्यांची झाडं सोडवायची बारीक सुई.

"झाकण उघडं राहू दे," खालून आवाज आला. "आणि वर माणूस बसवा. मागच्यासारखं नको."

म्हसूभाऊ वर येऊन झाकणाशी मांडी घालून बसले. मी तगरीजवळ. अकरा वाजले होते. खालून मधूनच कागद सुटल्याचा बारीक आवाज येई. बाकी काही नाही.

तासाभराने मला राहवेना, मी वाकून बघितलं. उजेडाच्या चौकोनात बाई उभ्या होत्या. एका हाताने भिंत धरलेली, दुसऱ्या हातात पुस्तक. मी घाईने शिडी धरली. मग लक्षात आलं, उभ्या आहेत म्हणजे वाचतायत.

"मराठी!"

"काय बाई?"

"इतकी वर्षं हा शेवट सांगितला नाहीस, बरं केलंस. अगदी भिकार आहे गं."

ती माझी आवडती कादंबरी.

"मग येताय वर?"

"थांब. मधलं फार चांगलं होतं. मधलं परत वाचते."

आणि खाली वेताची खुर्ची करकरली.

तेवढ्यात गल्लीत दुसऱ्या कुणाचा तरी टँकर वळला. ड्रायव्हरने अंगणातलं उघडं झाकण बघून वेग कमी केला, पाइपाकडे हात नेला. म्हसूभाऊ बसल्या जागेवरून उठलेही नाहीत. हात हलवून एवढंच म्हणाले,

"पुढं घे रं. ह्यो हौद भरलाय."